मॅट बांधली, पोरांना कशाने बांधले?

सामन्याची पत्रिका आली की वस्तीत दोन कामांची धावपळ सुरू होते. एक, खेळाडूंचे जन्मदाखले आणि आधारकार्डे गोळा करणे. दुसरे, सामान न्यायला गाडी ठरवणे. पहिल्या कामाला चार माणसे लागतात आणि आठवडा जातो. दुसरे काम एका फोनवर उरकते. वस्तीतल्याच कुणाची तरी पिकअप असते. डिझेलचे पैसे द्यायचे, चहापाणी करायचे, की झाले. सामान कसे भरायचे, कशाने बांधायचे आणि त्यावर कोण बसणार, याचा विचार गाडी दाराशी उभी राहिल्यावर होतो. खरे म्हणजे तेव्हाही होत नाही.

आम्हीही तसेच वागत होतो. एका प्रवासात आमचे डोळे उघडले. तो प्रवास आणि त्यानंतर आम्ही जे शिकलो ते, आज वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत. ज्यांच्या घरात खेळणारी मुले आहेत आणि ज्यांच्या घरात पिकअप चालवणारा मुलगा आहे, त्या दोघांनीही हे वाचावे.

तेरावा गठ्ठा

आमच्या मंडळाची कबड्डीची मॅट आहे. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली, टीव्हीवर रंगीत मॅट दिसू लागली, आणि मातीत खेळणाऱ्या आमच्या पोरांनाही मॅटवर सराव हवा झाला. दोन वर्षे वर्गणी जमवून आम्ही जुनी मॅट विकत घेतली. ही मॅट सतरंजीसारखी गुंडाळी होणारी नसते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद असे फोमचे तुकडे असतात, आणि त्यांच्या कडांचे दात एकमेकांत बसवून मैदान तयार होते. पुरुषांचे मैदान १३ मीटर बाय १० मीटर, म्हणजे १३० तुकडे. महिलांचे १२ बाय ८, म्हणजे ९६.

इगतपुरीकडच्या एका गावात आमच्या नातेवाइकांच्या मंडळाने स्पर्धा ठेवली. मॅट आमची, मैदान त्यांचे, आणि आमचा कुमार गटाचा संघही तिथेच खेळणार. कल्याणहून पहाटे निघायचे ठरले. वस्तीतल्या एका तरुणाने नुकतीच कर्ज काढून पिकअप घेतली होती. तो म्हणाला, "काका, भाडं नको. डिझेल टाका फक्त. आपलीच पोरं आहेत."

आमची मॅट ३ सेंटिमीटर जाडीची. दहा-दहा तुकड्यांचे गठ्ठे केले, तेरा गठ्ठे झाले. पिकअपचा हौदा आठ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद. पोरांनी हौशीने भरायला सुरुवात केली. बारा गठ्ठे पुस्तके लावावीत तसे उभे बसले. तेरावा काही बसेना. मग तो सगळ्यांच्या वर आडवा टाकला, त्यावरून एक नायलॉनची दोरी इकडून तिकडे नेली आणि गाठ मारली. बारा खेळाडू त्या मॅटवर चढून बसले. मऊ गादीच ती! पोरे खुशीत होती. आम्ही आणि मंडळाचे सचिव पुढे कॅबिनमध्ये, काचा लावून बसलो.

पडघ्याला महामार्ग लागला. आसनगाव मागे पडले. खर्डीच्या अलीकडे मागून एकदम ओरडा झाला. चालकाने आरशात पाहिले आणि गाडी कडेला घेतली. उतरून बघतो तो वरच्या गठ्ठ्यातला एक तुकडा उडून मागे रस्त्यावर पडलेला. त्याच्या चार हात अलीकडे एक मोटारसायकल आडवी झालेली. नवरा, बायको आणि मध्ये लहान मूल. त्याने कसाबसा ब्रेक मारला होता. कुणाला लागले नव्हते, पण बाई थरथरत होती. आम्ही हात जोडले. तो माणूस एकच वाक्य बोलला, "तुमचा खेळ होतो, आमचा जीव जातो."

मग कळले की तुकडा उडताना आमच्या एका मुलाने तो धरायला झेप घेतली होती. शेजारच्याने त्याचा शर्ट मागून धरला, म्हणून तो वर राहिला.

यापुढचे लिहिताना आम्हाला लाज वाटते, पण लिहिले पाहिजे. आम्ही दोरी सोडली, मॅट पुन्हा नीट बांधली, दोन पदर जास्त घेतले, गाठ ओढून पाहिली. आणि मुलांना पुन्हा वर बसवले. कसारा घाट तसाच चढलो.

दुसऱ्या दिवशी ही हकीकत वस्तीत पसरली. झेप घेणाऱ्या मुलाची आई आमच्या दारात आली. ती चार घरची धुणीभांडी करते. भांडली नाही. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "काका, मॅट उडाली म्हणून मॅट बांधलीत. माझ्या पोराला कशानं बांधलं होतं?"

आमच्याकडे उत्तर नव्हते.

चार किलोचा तुकडा उडतो कसा?

त्यानंतर आम्ही जाणकारांना विचारले. वर्षानुवर्षे मालवाहतूक करणारे चालक, हमाली करणारे आपले बांधव आणि एक पदार्थविज्ञानाचे शिक्षक. प्रत्येकाकडून काही शिकलो.

शिक्षकांनी वाऱ्याचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर एक चौरस मीटरच्या सपाट वस्तूवर समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब साधारण १७ किलो वजनाइतका पडतो. वेग ८० झाला की तोच दाब ३० किलोवर जातो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. आमच्या मॅटचा एक तुकडा काट्यावर साडेतीन किलो भरला. म्हणजे त्याची कड वाऱ्याने एकदा उचलली की त्याचे स्वतःचे वजन त्याला खाली धरून ठेवू शकत नाही. हलकी वस्तू आहे, तिला काय बांधायचे, असे आपण म्हणतो. पण हलकी आणि पसरट वस्तूच सर्वांत आधी उडते. मॅट, कॅरमबोर्ड, थर्माकोलचा फलक, रिकामी पेटी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, ही सगळी त्याच जातीची.

कॅबिनच्या मागे, कॅबिनच्या उंचीपर्यंत जो माल असतो तो आडोशाला राहतो. त्याच्या वर जे डोकावते ते थेट वाऱ्याच्या तोंडी जाते. आमचा तेरावा गठ्ठा नेमका तिथे होता.

जड वस्तूंची गोष्ट वेगळी. त्या उडत नाहीत, सरकतात. पुरुषांच्या गोळाफेकीचा गोळा ७.२६ किलोचा असतो. तो हौद्यात मोकळा राहिला तर प्रत्येक ब्रेकला पुढे आणि प्रत्येक चढाला मागे धावतो. माल बांधण्याचा एक सर्वमान्य ठोकताळा आहे. जोरात ब्रेक लागला तर मालाच्या वजनाच्या आठ-दशांश इतका जोर पुढे पडतो, असे धरायचे. वळणावर बाजूला आणि मागच्या दिशेला निम्मा धरायचा. आमच्या पूर्ण मॅटचे वजन ४५५ किलो. म्हणजे पुढच्या दिशेला ३६४ किलोचा धक्का थोपवण्याची तयारी हवी. एकट्या दोरीवर एवढा भार सोडायचा नसतो. माल कॅबिनमागच्या भिंतीला घट्ट टेकलेला असेल तर तो धक्का भिंत झेलते. दोरीचे काम माल जागच्या जागी दाबून धरण्याचे.

आधी बसवा, मग बांधा

एका जुन्या चालकदादांनी आम्हाला एका वाक्यात सगळे सांगितले. "माल असा बसवायचा की दोरी नसती तरी निम्मी वाट गेला असता. आणि असा बांधायचा की नीट बसला नसता तरी निम्मी वाट गेला असता. दोन्ही केलं की पूर्ण वाट जातो."

त्यांनी आमच्या मॅटची मांडणी करून दाखवली. गाडी ठरवण्याआधी घरच्या टेपने हौदा मोजा, माल मोजा आणि कागदावर आकृती काढा, हा त्यांचा पहिला धडा. आमचा हौदा २४४ सेंटिमीटर लांब, १६८ रुंद. दहाच्या गठ्ठ्याची जाडी ३० सेंटिमीटर. आठ गठ्ठे कॅबिनच्या भिंतीपासून मागे एकामागे एक उभे ठेवले, २४० सेंटिमीटर झाले. त्यांनी एक मीटर रुंदी घेतली. उरलेल्या रुंदीत, बाजूच्या फाळक्याला समांतर, दोन-दोनच्या जोडीने चार गठ्ठे उभे राहिले. झाले बारा. एका बाजूला आठ सेंटिमीटरची फट उरली.

आता तेरावा. दादा म्हणाले, "गठ्ठा सोडा की! गठ्ठा म्हणून तो बसत नाही, सुटा केला तर बसेल." चार तुकडे त्या फटीत सरकवले. फट भरली आणि सगळा माल असा घट्ट झाला की हाताने हलवता येईना. फट मोकळी ठेवली की माल हलतो, माल हलला की दोरी सैल होते, दोरी सैल झाली की माल सुटतो. त्या चार तुकड्यांनी दोरीचे निम्मे काम केले. उरलेले सहा तुकडे वर सपाट ठेवून ताडपत्रीखाली घेतले. मागच्या फाळक्यापाशी जो एक खिसा राहिला त्यात गोळा, पाण्याचे कॅन आणि औषधाची पेटी बसली. गोळा पोत्यात घालून तोंड बांधले आणि पोते अगदी तळाशी ठेवले.

मग ताडपत्री. तिची पुढची कड मालाखाली दुमडून घ्यावी. ती मोकळी राहिली तर वारा आत शिरून ताडपत्रीचा फुगा करतो. मागची कड नंबरप्लेट आणि दिव्यांवर लोंबू देऊ नये.

मग दोरी किंवा पट्टा. परवडत असेल तर मंडळाने चार रॅचेट बेल्ट विकत घ्यावेत. खटक्याने आवळले जातात, गाठ मारावी लागत नाही आणि वर्षानुवर्षे टिकतात. दोरीच वापरायची असेल तर ट्रकवाल्यांची गाठ शिकून घ्यावी. दोरीचे एक टोक हौद्याच्या एका बाजूच्या हुकाला पक्के बांधावे. दोरी मालावरून पलीकडे न्यावी. पलीकडच्या हुकाच्या वर हातभर अंतरावर दोरीलाच पीळ देऊन एक फास काढावा. मोकळे टोक हुकाखालून घेऊन त्या फासातून ओवावे आणि खाली ओढावे. फास कप्पीसारखा चालतो, त्यामुळे तेवढ्याच ताकदीत दोरी कितीतरी जास्त आवळली जाते. आवळलेली दोरी बोटांत दाबून धरून दोन अर्ध्या गाठी मारल्या की काम पक्के. लहान पोरेसुद्धा दहा मिनिटांत शिकतात.

आडव्या दोऱ्या किमान तीन हव्यात, आणि एक उभी, पुढून मागे. दोरी हौद्याच्या हुकालाच बांधावी. दिव्याच्या जाळीला, बंपरला किंवा पत्र्याच्या कडेला बांधू नये. फोमवर दोरी रुतते, म्हणून कोपऱ्यावर जाड पुठ्ठा किंवा जुन्या टायरचा तुकडा ठेवावा. ट्यूबच्या रबरी पट्ट्या छोट्या वस्तूंना ठीक, पण मुख्य भार त्यांच्यावर टाकू नये. रबर ताणते.

नायलॉनची दोरीही ताणते, आणि माल गाडीच्या हादऱ्यांनी खाली दबत जातो. म्हणून निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून दोरी पुन्हा आवळावी. घाट चढण्यापूर्वी पुन्हा एकदा थांबावे, कारण चढाला सगळा माल मागच्या फाळक्यावर रेलतो. फाळक्याच्या कडीत खिळा किंवा तार अडकवून ती आपोआप उघडणार नाही याची खात्री करावी. हे थांबे वेळ खातात अशी तक्रार करू नये. पाच मिनिटांचेच काम आहे.

लांब वस्तू बाहेर कशाला?

व्हॉलीबॉलचे खांब, भाले, तंबूचे बांबू, या वस्तू मागून बाहेर काढून नेण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. टोकाला लाल फडके बांधले की आपल्याला वाटते, जबाबदारी संपली. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला अंधारात ते फडके दिसत नाही. बाहेर आलेल्या लोखंडी सळयांनी इतके जीव घेतले की केंद्र सरकारने २०१४ साली नियम बदलून सळया अशा बाहेर काढून नेण्यावर बंदी घातली.

थोडे डोके चालवले तर आपल्या बहुतेक वस्तू आतच मावतात. व्हॉलीबॉलचा २.५५ मीटरचा खांब म्हणजे सुमारे आठ फूट चार इंच. आठ फुटी हौद्यात तो सरळ ठेवला तर बाहेर येतो. पण साडेपाच फूट रुंदीच्या हौद्यात तिरका, कोपऱ्यातून कोपऱ्यात ठेवला, तर जवळजवळ साडेनऊ फूट लांबी मिळते. खांब आत, फाळका बंद. २.७ मीटरचा भालाही असाच जातो. तो मात्र टोकाला कापड गुंडाळून आणि कॅबिनच्या भिंतीकडे टोक करून ठेवावा.

मोटार वाहन कायद्यात २०१९ ची दुरुस्ती झाल्यापासून दंडही मोठे झाले आहेत. माल बाजूने, पुढून, मागून किंवा उंचीने मर्यादेबाहेर गेला तर कलम १९४ खाली २० हजार रुपये. क्षमतेपेक्षा जास्त वजन भरले तर २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. आपल्या स्पर्धेच्या पहिल्या बक्षिसाची रक्कम कित्येकदा यापेक्षा कमी असते!

वरचे ओझे

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येऊ.

आम्ही हिशेब केला. मॅटचे वजन ४५५ किलो. बारा मुलांचे, सरासरी पन्नास किलो धरले तर, ६०० किलो. म्हणजे त्या गाडीत सर्वांत जड माल मॅट नव्हतीच. सर्वांत जड माल आमची मुले होती, आणि ती सगळ्यांत वर, रस्त्यापासून सुमारे सहा फुटांवर, कशालाही न बांधलेली. जड वजन वर आणि हलके खाली, अशी गाडी वळणावर कलायला वेळ लागत नाही. हमाल बांधवाला हे सांगावे लागत नाही. तो जड पोते नेहमी तळाशी टाकतो. आम्ही शिकलेले लोक, मुलांच्या बाबतीत ते विसरलो.

गाडी छोटा हत्ती असती तर गोष्ट आणखी वाईट. तिची क्षमता पाऊण टनाच्या आसपास असते. मॅट आणि संघ मिळून हजार किलोंच्या वर गेले असते.

मॅटच्या बाबतीत जो ठोकताळा, तोच माणसालाही लागू. जोरात ब्रेक लागला तर पन्नास किलोच्या मुलाला स्वतःला चाळीस किलोच्या धक्क्याविरुद्ध धरून ठेवायचे असते. कशाला धरणार? ताडपत्रीला? शेजारच्या मित्राच्या खांद्याला?

कायदाही स्पष्ट आहे. मालवाहू गाडीचा परवाना माल वाहण्याचा असतो, माणसे नेण्याचा नसतो. १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याने नेमलेला माणूस मालासोबत असेल तर त्याला विम्याचे संरक्षण मिळाले. पण हौद्यात बसलेला संघ त्या व्याख्येत बसत नाही. मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २००२ साली दिला.

याचा अर्थ साध्या भाषेत समजून घेऊ. उद्या अपघात झालाच, तर मुलाच्या आईबापांना विम्याच्या पैशाचा भरवसा नाही. आणि तो बोजा येऊन पडतो गाडीच्या मालकावर. हा मालक कोण? ज्याने "भाडं नको, आपलीच पोरं आहेत" म्हटले तो आपल्याच वस्तीतला मुलगा. त्याच्या डोक्यावर गाडीचे हप्ते आहेत. घरात म्हातारे आईवडील आहेत. एका वळणावर आपल्याच दोन घरांची राखरांगोळी होते, आणि दोन्ही घरे एकमेकांविरुद्ध कोर्टात उभी राहतात. भलेपणाची ही किंमत त्याने का मोजावी? आणि ती मोजायची वेळ त्याच्यावर आम्ही आणली होती. "पोरं कुठं जातील? बसू दे वर," हे शब्द आमचेच होते.

मग पोरांनी जायचे कसे?

कुणी म्हणेल, लिहिणे सोपे आहे. बारा मुलांचे तिकीट कोण काढणार? प्रश्न रास्त आहे. आमच्या वस्तीत रोजंदारीवर घर चालते. पण बसून हिशेब केला तेव्हा लक्षात आले की पैसा अगदीच नसतो असे नाही. आपण तो दुसरीकडे घालवतो.

कल्याणहून कसाऱ्यापर्यंत लोकल जाते. तिकीट माफक. कसाऱ्याहून पुढे एसटी किंवा वाटपाची जीप मिळते. जीपमध्येही कोंबून बसायचे नाही, एवढे पथ्य पाळावे. एसटीच्या मार्गावरचे गाव असेल तर आणखी सोपे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट लागते. म्हणजे मुलींचा संघ न्यायचा तर खर्च निम्म्यावर येतो. खर्च परवडत नाही म्हणून मुलींचा संघ बाहेरगावी पाठवत नाही, असे म्हणणाऱ्या मंडळांनी हा हिशेब जरूर करावा.

आम्ही मंडळात तीन ठराव केले. पहिला, वर्गणीच्या वहीत खेळाडूंचा प्रवासखर्च हा वेगळा रकाना ठेवायचा आणि सामानाच्या भाड्यात तो मिसळायचा नाही. दुसरा, चषक देणाऱ्या देणगीदारांना विनंती करायची की या वर्षी चषक एक फूट लहान द्या आणि राहिलेल्या पैशांत एका संघाचे तिकीट काढा. दोन देणगीदार लगेच तयार झाले. त्यांची नावे आम्ही चषकाच्या बरोबरीने फलकावर लिहिली. तिसरा ठराव, स्पर्धेची पत्रिका छापताना त्यात एक ओळ टाकायची: मालवाहू गाडीच्या हौद्यात बसून आलेल्या संघाला प्रवेश मिळणार नाही. या ओळीवर बरीच वादावादी झाली. गरीब संघ येणार नाहीत, अशी भीती होती. शेवटी यजमान मंडळाने जवळच्या स्टेशनवरून किंवा स्टँडवरून संघाला आणण्याची सोय करायची, या अटीवर ओळ मंजूर झाली.

चालकाच्या घरच्यांनाही आमची एक विनंती आहे. तुमचा मुलगा "नाही" म्हणाला तर त्याला माणुसकी नाही असे समजू नका. वस्तीतली मोठी माणसे आग्रह करतात तेव्हा तरुण पोराला नाही म्हणणे जड जाते. घरून पाठबळ असेल तर तो म्हणू शकेल, "काका, सामान कितीही द्या, पोरं नकोत."

पुन्हा इगतपुरी

पुढच्या वर्षी पुन्हा त्याच गावाहून बोलावणे आले. पुन्हा तीच मॅट, तीच पिकअप, तोच तरुण. या वेळी आदल्या संध्याकाळीच माल भरला. आकृती भिंतीवर चिकटवलेली होती. फटीत चार तुकडे सरकवले, सहा वर घेतले, ताडपत्रीची कड दुमडली, तीन पट्टे आडवे आणि एक उभा ओढला. गाठी आणि खटके तपासायचे काम झेप घेणाऱ्या त्याच मुलाकडे दिले होते. त्याने प्रत्येक पट्टा हाताने ओढून पाहिला आणि वहीत बरोबरची खूण केली.

पहाटे पिकअप एकटी निघाली. तिच्यात चालक आणि मालाचा जबाबदार माणूस म्हणून मंडळाचे सचिव, दोघेच, पट्टे लावून. मुलांना घेऊन आम्ही पहाटेची कसारा लोकल धरली. निरोपाला ती आई स्टेशनपर्यंत आली होती. डब्यात डोकावून तिने मुलांची मोजणी केली. मग आम्हाला म्हणाली, "आता जावा काका. जिंका नाहीतर हरा, पण मोजून न्या आणि मोजून आणा."

त्या दिवशी आमचा संघ दुसऱ्याच फेरीत हरला. रात्री कल्याणला उतरलो तेव्हा आम्ही फलाटावर उभे राहून मुले मोजली. बारा होती. मॅटचे तुकडे दुसऱ्या दिवशी सकाळी मोजले. तेही १३० भरले.